अंकुशनगरचा डोडो

मित्रांनो, मी एक जुना डोडो आहे.

डोडो हा मॉरिशस बेटावरचा पक्षी. अंगानं गुबगुबीत, पंख नावापुरते, उडता मुळीच येत नसे. त्याला माणसाची भीती वाटत नसे, आणि या एका गुणामुळे माणसांनी तीनशे वर्षांपूर्वी त्याला संपवला. आज जगात एकही डोडो जिवंत नाही. माझा जन्म १९८३ सालचा, जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत. म्हणजे माझी जात संपल्यावर तीनशे वर्षांनी मी जन्माला आलो. याला उशीर म्हणतात.

माझं अंग साखरेच्या पोत्यांचं आहे. डाव्या कुशीवर ‘निव्वळ वजन १०० किलो’ असा निळा शिक्का होता. तो खोटा होता. पोटात बुरुडानं विणलेलं मोठं डालगं आहे, कोंबड्या झाकायला असतं तसं. पिसं उसाच्या पाचटाची, म्हणजे वाळक्या पानांची. चोच वाळलेल्या भोपळ्याची. पाठीवर एक मोठं भोक, त्यातून एक मुलगा आत शिरणार. खाली दोन लहान भोकं, त्यांतून त्याचे पाय बाहेर येणार. थोडक्यात, मी असा पक्षी आहे ज्याला स्वतःचे पाय नाहीत. जे आत येतील त्यांचे पाय ते माझे पाय.

मला घडवलं विमलबाईंनी. खरं तर ही गोष्ट त्यांचीच आहे. पण त्या स्वतःबद्दल फारसं बोलत नसत, आणि आता त्या नाहीत. मागे राहिलो मी. तेव्हा जमेल तसं सांगतो.

विमलबाई मॉरिशसच्या. त्यांचा पणजोबा मूळ रत्नागिरीकडचा. तो ऊस तोडायला म्हणून जहाजात बसला आणि परत आलाच नाही. त्या बेटावर त्याला पोरं झाली, पोरांना पोरं झाली, आणि सगळ्यांनी ऊसच तोडला. त्या घरात कोयत्याऐवजी खडू धरणाऱ्या विमलबाई पहिल्या. आमच्या कारखान्याचे केमिस्ट शरदचंद्र साहेब साखरेचं शिक्षण घ्यायला तिकडं गेले आणि १९८१ साली शिक्षण व विमलबाई असं दोन्ही घेऊन परत आले.

साहेबांचं घर मंठ्याला. फॉरेनची सून येणार म्हणून गल्लीतली माणसं कामधंदा सोडून उभी होती. जीपमधून उतरली एक सावळी, ठेंगणी, साडी नेसलेली बाई. तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. गल्लीचा मोठा हिरमोड झाला.

“शरद, बोटीनं, इमानानं जाऊन ही आणली व्हय रे?” शेजारचा रखमाजी म्हणाला. “अशा तर परतुरात बी भेटतात.”

सासू सगुणाबाई मात्र वेगळ्याच कारणानं गोंधळल्या. विमलबाईंची मराठी पणजोबांबरोबर जहाजात चढलेली, आणि तेव्हापासून तिला नवी हवा लागलेली नाही. दोन दिवस ऐकून सासूबाई म्हणाल्या, “हिची भाषा माझ्या आजीपेक्षा म्हातारी हाय. मला तर हिच्या पुढं पदर घ्यावा वाटतो.” फक्त चकित झाल्या की विमलबाई “अयो!” म्हणत. तो शब्द बेटावरचा. पुढं तो सगळ्या अंकुशनगरात पसरला. आजही तिकडं एखाद्याची सायकल पंक्चर झाली तर तो “अयो!” म्हणतो आणि आपण परदेशी बोलतो आहोत हे त्याला माहीत नसतं.

वसाहतीच्या बालवाडीत विमलबाई शिकवू लागल्या. दुसऱ्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी त्यांनी मला शिवलं. मी रंगमंचावर चालायचं आणि त्यांनी आपल्या बेटाचं गाणं म्हणायचं, असं ठरलं. मी शिवून होत असताना वॉचमनचा वसंता रोज समोर बसून असे, कारण माझ्या आत त्यालाच शिरायचं होतं.

“बाई, हे गिधाड हाय का?”

“डोडो आहे.”

“उडतं का?”

“नाही.”

“अंडे देतं का?”

“आता नाही देत.”

“मंग कशाला करून राह्यल्या?”

बाईंनी सुतळी दातानं तोडली. “मला आठवण येते म्हणून.”

“तुम्ही बघितल्ता का खरा?”

“नाही. माझ्या आजीनंही नाही. कोणीच नाही.”

वसंतानं बराच विचार केला. “मंग आठवण कशाची येती?”

“अयो!” बाई म्हणाल्या, आणि पुढचा टाका चुकीच्या जागी पडला. तो अजून तसाच आहे, मानेच्या उजव्या बाजूला.

गॅदरिंगला काय झालं ते थोडक्यात सांगतो. वसंताला माझ्या आतून काही दिसेना. तो सरळ चालत गेला आणि रंगमंच संपल्यावरही चालत राहिला. आम्ही दोघं प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर उतरलो. माझ्या जातीनं घेतलेलं हे पहिलं उड्डाण. गाणं राहून गेलं. पाहुणे मनानं मोठे होते. त्यांनी भाषणात कुक्कुटपालनाचं महत्त्व पटवून देणाऱ्या या कार्यक्रमाचं कौतुक केलं.

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. काही वर्षं मी क्वार्टरच्या व्हरांड्यात पडून होतो. शेजारची एक कोंबडी माझ्या पोटात अंडी घाली. डोडोच्या पोटातून तीनशे वर्षांनी अंडं निघालं, आणि साहेबांनी त्याचं ऑम्लेट केलं. शास्त्रज्ञांना कोणी कळवलं नाही.

मित्रांनो, आता मुख्य गोष्ट.

दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड कामगार येत. कारखान्यापलीकडच्या माळावर त्यांचा तळ पडे. उसाच्या पाचटाच्या कोप्या, दारात बैल, चुलीवर भाकरी. तांबडं फुटायच्या आत नवरा-बायको उसाच्या फडात जात ते दुपार टळल्यावर येत. तळावर उरत म्हातारी माणसं, कुत्री आणि पोरं.

१९८८ च्या हंगामात विमलबाई पहिल्यांदा त्या तळावर गेल्या. वसाहतीतली माणसं तिकडं जात नसत. जायचं कारणच नव्हतं. बाई एका कोपीत वाकून शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. घरी येऊन साहेबांना म्हणाल्या, “माझी आजी ज्या घराबद्दल सांगायची ना, ते मी आज बघून आले.”

साहेब म्हणाले, “ते तर मॉरिशसला.”

“मलाही तसंच वाटत होतं.”

बालवाडी दुपारची होती, सकाळ मोकळी होती. बाईंनी तळावरच्या लिंबाखाली फळा टांगला आणि शाळा सुरू केली. मुलगे आले. मुली आल्या नाहीत. आल्या त्या लांब उभ्या राहिल्या, कारण प्रत्येकीच्या कडेवर एक भाऊ नाहीतर बहीण होती. त्यात आठ-नऊ वर्षांची बेबीनंदा होती. तिच्या कडेवर कचरू. बेबीनंदा बारीक आणि कचरू जाडजूड. कोण कोणाला उचलून उभं आहे ते पटकन कळत नसे.

“आत ये की,” बाई म्हणाल्या.

“हे रडतंय.”

“घेऊन बस.”

ती बसली. कचरूनं आधी खडू खाल्ला, मग सूर लावला. कारखान्याचा भोंगा पाळीच्या वेळी वाजे; कचरूला पाळी नव्हती. मुलगे ओरडले, “ए बेबे, मशीन बंद कर तुझी!” बेबीनंदा उठून निघून गेली. बाईंनी झोळी बांधून पाहिली. पण झोळी हलवायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे पुन्हा बेबीनंदाच. तिला शाळा हवी होती. रोज येऊन लांबून बघत उभी राहायची आणि कचरूच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढायची. तिचे हात मोकळे व्हायला हवे होते. प्रश्न एवढाच होता, आणि बाईंना त्यापायी जेवण जाईना.

एके दिवशी धडा जगातून संपलेल्या प्राण्यांचा होता म्हणून बाई मला तळावर घेऊन आल्या. त्या डोडोबद्दल सांगत असताना कचरू रांगत माझ्या मागे आला, पाठीच्या भोकातून आत पडला, आणि रडायचा थांबला. सगळे बघत राहिले. माझ्या पोटात अंधार होता, ऊब होती, वारा सुटला की पाचट सळसळे. कुत्री चोचीला भिऊन लांब राहत. कचरू झोपला. त्याचे दोन पाय माझ्या खालच्या दोन भोकांतून बाहेर आले. पायात वाळे होते.

बेबीनंदानं आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मग तिनं पाटी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोटात एका वेळी दोन-तीन लेकरं झोपू लागली. त्यांच्या बहिणी फळ्यासमोर बसू लागल्या. मी रात्रंदिवस तळावरच राहू लागलो. मुली पहाटे आईबाप निघाले की लेकरू माझ्यात टाकत आणि चुलीला लागत. मी सुखी होतो. ज्या पक्ष्यानं तीनशे वर्षं एक पिल्लू दिलं नाही, त्याचं पोट आता कधी रिकामं नसे.

अशा वेळी गोजरबाई आली.

गोजरबाई उशिरानं तळावर आलेली, मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. आपला नवरा मच्छिंद्र, मुलगा आणि सून यांना घेऊन आली होती. पहिल्याच पहाटे धुक्यातून ती फडाकडं निघाली, आणि लिंबाखाली तिला एक भलंमोठं पाखरू बसलेलं दिसलं. पाखराला माणसाचे पाय होते. पायात वाळे होते. पाय हलत होते. आणि पाखराच्या पोटातून लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? तिनंही तेच केलं. आडवी पडली.

“आई, माझ्या सुनेची कूस उजव,” ती म्हणाली. “तुला खण-नारळ वाहीन.”

पुढच्याच पंधरवड्यात सुनेला दिवस गेल्याचं उघड झालं. ते तळावर येण्याआधीपासूनच गेलेले होते. पण असले हिशेब देवाच्या बाबतीत कोणी करत नाही.

माझं नाव पाखराई पडलं. मी आई झालो. मला कोणी विचारलं नाही. हळदीकुंकू आलं, नारळ आले, लांबच्या तळांवरून बाया आल्या. तळावरच्या मजुरांचे मुकादम रामराव, त्यांनी विटांचा ओटा बांधला, मला वर बसवलं आणि हिरवी साडी नेसवली. साडी चांगली होती. पण साडीनं पाठीचं भोक झाकलं गेलं. आणि पहाटे पहिली मुलगी लेकरू घेऊन आली तेव्हा रामराव ओट्यासमोर आडवे उभे राहिले.

“देवीच्या पोटात हागरी-मुतरी पोरं ठिवता व्हय? बिलकुल न्हाई! चला, व्हा बाजूला.”

लेकरं परत बहिणींच्या कडेवर गेली. त्या दिवशी फळ्यासमोर फक्त मुलगे होते. बेबीनंदा लांब उभी होती. तेव्हा ती ‘भाकर’ आणि ‘बैल’ वाचू लागली होती.

बाई थेट ओट्यासमोरच्या गोजरबाईच्या कोपीवर गेल्या.

“गोजरबाई, ती देवी नाही. तो पक्षी आहे. डोडो. मी माझ्या हातानं शिवलाय, साखरेच्या पोत्यांचा.”

गोजरबाई भाकरी थापत होती. “बसा बाई. च्या घेता?”

“मी खरं सांगतेय.”

“मी कुठं खोटं म्हणते? शिवली आसंल तुम्हीच. दगडाचा देव बी कुणीतरी घडवतोच की. पाथरवट म्हणतो का, की हा देव न्हाई, मी काल ठोकलाय म्हणून?”

बाई चुलीपाशी बसल्या. मी ओट्यावरून ऐकत होतो. मुद्दा बिनतोड होता.

“पण मुलींची शाळा बुडतेय त्याच्यामुळं,” बाई म्हणाल्या.

“आता देवीपुढं शाळेचं काय घेऊन बसता बाई,” गोजरबाई म्हणाली. पण थापता थापता तिचा हात जरा हळू झाला, हे मला दिसलं.

बाईंनी दुसरा डोडो शिवायला घेतला. रामराव धावत आले. “देवीची नक्कल? कोपली म्हंजे? तळावर काय बरंवाईट झालं तर कोण जबाबदार, तुम्ही का मी?” बाया घाबरल्या. दुसरा डोडो चोचीशिवायच राहिला. त्या संध्याकाळी बाई माझ्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुझ्या जातीला आधी माणसांनी खाऊन संपवलं. आता पूजा करून संपवतात बघ.” मित्रांनो, त्या असं काही बोलल्या की हसावं का रडावं ते कळत नसे. मी दोन्ही करू शकत नाही, म्हणून माझी सुटका झाली.

पुढच्या आठवड्यात कारखाना यंत्रांच्या धुलाईसाठी बंद होता. फड बंद, सगळी माणसं तळावर. रामरावांनी पाखराईची मोठी आरती ठेवली. ते पांढरंशुभ्र नवं धोतर नेसून आले. आरतीचं ताट धरायला एक कुमारिका हवी, म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते बेबीनंदाकडं. नेमकी तीच. ताट जड, दोन्ही हात लागणार, आणि कडेवर कचरू झोपलेला. त्याला आईकडं द्यायचं, तर आई ओढ्यावर धुणं धूत होती.

बेबीनंदानं सवयीनं केलं. ओट्याच्या मागं जाऊन माझी साडी उचलली, कचरूला आत सोडला, साडी सारखी केली आणि पुढं येऊन ताट धरलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मी बोलत नाही.

आरती सुरू झाली. ढोलकी वाजली, झांजा वाजल्या. कचरू जागा झाला. साडीच्या निऱ्यांतून दोन पाय बाहेर आले आणि वाळे वाजू लागले. बाया ओरडल्या, “आली! पाखराई आली!” रामरावांनी डोळे मिटून ओट्यापुढं लोटांगण घातलं. त्याच वेळी माझ्या खालून एक बारीक, कोमट धार सुटली आणि बरोबर त्यांच्या पागोट्यावर पडली.

ढोलकी थांबली. झांजा थांबल्या. धार थांबली नाही. कचरूनं सगळं मनापासून केलं.

रामराव उठून बसले. पागोट्यातून थेंब मिशीवर येत होते. “इटाळ!” ते ओरडले. “देवी इटाळली! कोणी ठिवलं हे कार्टं? आजपासून त्या पोरी ह्या झाडाच्या आसपास दिसल्या तर तंगड्या मोडीन! शाळा बी बंद! बाई, उचला तुमचा फळा!”

बाई पुढं आल्या. त्यांचा हात बेबीनंदाच्या खांद्यावर होता. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांची शंभर वर्षांची मराठी नेमकी अशा वेळी जागेवर येत नसे. फळ्यावर आदल्या दिवशीचं ‘बैल’ तसंच होतं. बेबीनंदा त्याच्याकडंच बघत होती, जणू शेवटचं वाचून घेत होती.

आणि गोजरबाई हसायला लागली.

आधी पोटातल्या पोटात, मग सगळ्या तळाला ऐकू जाईल अशी. “मुकादम,” ती म्हणाली, “तुम्ही काय धोतर नेसून जल्माला आल्ते का? लेकराच्या मुताचा कुठं इटाळ असतो व्हय? तीर्थ म्हना तीर्थ!”

“देवीच्या पोटातून…”

“मंग? आईच्या पोटात लेकरू नसंल तर काय आसंल, भुस्सा? मी पयल्यांदा बघितली तवा हिच्या पोटात लेकरू व्हतं. म्हणून तर पाया पडले. लेकरू रडलं म्हणून देवी दिसली मला. तुम्ही लेकरं काढून फेकली, साडी गुंडाळली, अन् आता रिकाम्या पोत्याला ओवाळून राह्यलात! देवीनं सांगितलं की तुम्हाला. तोंडानं सांगता येईना, मंग जसं जमलं तसं सांगितलं.”

तळ हसला. मच्छिंद्र हसला, ढोलकीवाला हसला. रामराव इकडं तिकडं बघत राहिले. हसणाऱ्या माणसांवर मुकादमकी चालवता येत नाही. शेवटी त्यांनी पागोटं काढून पिळलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, “तीर्थ हाय म्हणता… मंग ठीक हाय.”

गोजरबाईनं स्वतः माझी साडी सोडली, घडी केली आणि कचरूला गुंडाळली. मग बाईंकडं वळली. “बाई, फळा ऱ्हाऊ द्या. अन् एक सांगते. हिला एकटीला ठिवू नका. पाण्यातल्या आसरा कशा सात असतात, तशा हिच्या बी बहिणी असत्याल. शिवा.”

बाईंना वाटलं, आता पुन्हा सांगावं की तो डोडो आहे, देवी नाही. मग त्यांनी बेबीनंदाचे हात पाहिले. ताट खाली ठेवून ते मोकळे झाले होते. बाई म्हणाल्या, “अयो!” आणि सुईत दोरा ओवायला बसल्या. कारखान्यानं फाटकी पोती दिली, बुरुडानं डालगी दिली. हंगाम संपेपर्यंत जगातल्या डोडोंची संख्या शून्यावरून सातावर गेली. शास्त्रज्ञांना याही वेळी कोणी कळवलं नाही.

पुढची वर्षं मी शाळेत काढली. सकाळी बाया लेकराला कुंकू लावून पोटात ठेवत, नारळ फोडत. खोबरं खाऊ म्हणून वाटलं जाई, म्हणून उपस्थिती चांगली असे. बाई मुलींना सांगत की हा डोडो, हा संपलेला पक्षी. मुली लिहून घेत आणि जाताना पाया पडत. दोघांचंही चालू राहिलं. बाई गाण्यातून पाढे शिकवत, उसाच्या कांड्यांनी बेरीज शिकवत. त्यांची स्वतःची मुलगी अरुंधतीही त्याच लिंबाखाली, त्याच पोरींच्या मांडीला मांडी लावून अक्षरं शिकली.

बाई मॉरिशसला परत गेल्या नाहीत. जायचं दर वर्षी ठरे, आणि दर वर्षी हंगाम आडवा येई. एके साली जानेवारीत तार आली. त्यांची आई गेली होती. त्या तळावर येऊन माझ्याजवळ बसल्या आणि गॅदरिंगला राहून गेलेलं ते बेटावरचं गाणं त्यांनी हळू आवाजात म्हटलं. एकही शब्द कोणाला कळला नाही. गोजरबाई येऊन शेजारी टेकली.

“आई गेली व्हय?”

बाईंनी मान हलवली.

“किती लांब हाय तुमचं गाव?”

“समुद्रापलीकडं.”

गोजरबाईनं समुद्र पाहिला नव्हता. “म्हंजे बीडाच्या पुढं,” ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

२००३ सालच्या जानेवारीत, भर हंगामात, विमलबाई आजारी पडल्या आणि गेल्या. मला फार तपशील माहीत नाही. मला एवढंच कळलं की सकाळ झाली आणि फळा कोणी टांगला नाही.

दहाव्याला सगळे गोदावरीच्या काठावर जमले. साहेब, अरुंधती, मंठ्याचे नातेवाईक, वसाहतीच्या शाळेचे मुख्याध्यापक श्रीपती सर. आणि काम सोडून आलेला अख्खा तळ. बेबीनंदाही होती, कडेवर स्वतःची मुलगी घेऊन. ती शिकून मास्तरीण झाली असं सांगायला मला फार आवडलं असतं. ती सातवी झाली, लग्न झालं आणि कोयता घेऊन परत फडात आली. पण तिची थोरली मुलगी आता फळ्यासमोर बसत होती.

पिंड ठेवला. कावळा येईना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. मग मागं राहिलेली माणसं एकेक वचन देतात.

साहेब म्हणाले, “विमल, मी औषधं वेळेवर घेईन.” कावळा बाभळीवर बसून होता.

श्रीपती सर पुढं झाले. “बाईंच्या नावानं शाळेत दालन करू. त्यांची पाखरं काचेच्या कपाटात ठेवू. कुलूप लावून, कायमची जपू.” कावळा उडाला आणि पलीकडच्या काठावर गेला.

माझं काळीज धसकलं. ते डालग्याचं आहे, तरी धसकलं. काचेत मी शंभर वर्षं टिकलो असतो. आणि तळावरच्या मुली पुन्हा लांब उभ्या राहिल्या असत्या, कडेवर एकेक घेऊन.

ऊन वाढलं. भटजी घड्याळ बघू लागले. “दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ,” ते म्हणाले.

तेव्हा अरुंधती उठली. ती औरंगाबादला कॉलेजात शिकत होती, आणि आईसारखीच तिलाही चारचौघांत बोलणं जमत नसे. “आई,” ती म्हणाली, “पाखरं कपाटात जाणार नाहीत. तळावरच राहतील. फळा सोमवारपासून मी टांगते. कॉलेजचं मी बघते काय ते. मला तुझ्यासारखं शिकवता येणार नाही, पण लेकरं कोणाच्या कडेवर राहणार नाहीत.”

कावळा पलीकडेच होता.

गोजरबाई आता म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. “दर्भाचा कशाला?” ती म्हणाली. “कावळा आपला हाय. बाई कुठली? तिच्या देशाचं पाखरू ते.” आणि तिनं मच्छिंद्राला खूण केली. मला बैलगाडीत घालून त्यांनी सोबत आणलं होतं. दोघांनी मला उचललं आणि काठावर आणलं.

भटजी दचकले. “अहो, शास्त्रात असं कुठं…”

“शास्त्रात ह्या पाखराचं नावच न्हाई ना?”

“नाही.”

“मंग नको बी लिहिलेलं न्हाई.”

भटजींनी विचार केला. त्यांना दुपारी अजून एक दहावा होता. “शिववा,” ते म्हणाले.

गोजरबाईनं माझी मान वाकवली. माझी चोच पिंडाला लागली. भोपळ्याला चव कळत नाही, तरी तो भात मला आठवतो. एक शीत चोचीला चिकटलं. अरुंधतीनं ते पदरानं पुसलं नाही. तिनं मला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि माझ्या पोत्याच्या अंगात तोंड घालून, दहा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडली. आतून मी पोकळ आहे, त्यामुळे आवाज छान घुमला.

सोमवारी फळा टांगला गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा, धूळ बसू देऊ नका. माझी विनंती तशी नाही. मला जपू नका. कपाटात ठेवू नका, आणि शक्य असेल तर ओट्यावरही बसवू नका. मला वापरा. मी आतापर्यंत चारदा फाटलो आहे, चोच तर तिसरी आहे, आणि कुशीवरचा तो शंभर किलोचा शिक्का कुठल्याशा लेकरानं चोखून पुसून टाकला. माझं काही बिघडलं नाही. जे जपायचं ते आम्ही नव्हे. जपायची ती माणसं, आणि तीसुद्धा ती असताना. बाईंना त्यांच्या बेटाचं ते गाणं पुन्हा म्हणायला कोणीच सांगितलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

एक मात्र मी खात्रीनं सांगू शकतो, कारण मी त्याचा पुरावा आहे. जगातून संपलेला पक्षीसुद्धा परत आणता येतो. त्याला चार फाटकी पोती लागतात, मूठभर सुतळी लागते आणि एक बाई लागते. पोती आणि सुतळी बाजारात मिळतात.